छेद कुठून आणायचा? बार्शीची कर्करोग नोंदणी आणि सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एका रुग्णालयाच्या ओपीडी रजिस्टरवरून एक तक्ता तयार केला होता. कोणत्या तालुक्यातून कोणत्या आजाराचे किती रुग्ण आले, त्याची टक्केवारी, रंगीत पाय चार्ट, सगळं व्यवस्थित. गाईडनी तो दोन मिनिटं बघितला आणि एवढंच विचारलं, "अंश दिसतोय. छेद कुठंय?"

मला आधी कळलंच नाही. तुम्हालाही लगेच कळलं नसेल तर हे बघा. समजा, एका तालुक्यातून 40 रुग्ण आले आणि दुसऱ्यातून 15. पहिल्या तालुक्यात आजार जास्त आहे का? सांगता येत नाही. पहिल्या तालुक्याची लोकसंख्या तिप्पट असेल. किंवा तिथून शहराला थेट एसटी असेल. किंवा दुसऱ्या तालुक्यातले लोक मिरजेला जात असतील, आणि काहीजण कुठंच जात नसतील. रजिस्टरमध्ये आलेल्यांची नावं असतात. न आलेल्यांचा त्यात पत्ता नसतो. पाचवीत शिकलेलं अंश-छेदाचं गणित इथं जिवावर येतं, कारण छेद कुणी आयता देत नाही.

"एमएस्सी झालंय, पब्लिक हेल्थमध्ये रिसर्च करायचाय, कुठली संस्था चांगली?" असं बरेच जण विचारतात. संस्थांची यादी कुठंही मिळेल. मला आज सांगायचंय ते हे की पब्लिक हेल्थ नावाची वेगळी पदव्युत्तर शाळा निघाली कशासाठी, आपल्याकडे ती वेगळ्या वाटेनं का गेली, आणि सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी त्या शाळेचं काम कसं होऊन गेलं.

सुरुवात अमेरिकेतली. 1915 मध्ये विल्यम वेल्च आणि विक्लिफ रोज यांनी रॉकफेलर फाउंडेशनसाठी एक अहवाल लिहिला. त्यातला मुद्दा थोडक्यात असा: शहराचं किंवा जिल्ह्याचं आरोग्य सांभाळणं हा डॉक्टरकीचा जोडधंदा नाही, तो वेगळा पेशा आहे आणि त्याला विद्यापीठात वेगळी शाळा पाहिजे. 1916 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची निवड झाली आणि ऑक्टोबर 1918 मध्ये शाळा उघडली. तेव्हा गावात इन्फ्लुएन्झाची साथ ऐन भरात होती, म्हणजे पहिल्या दिवसापासून विषय दारातच उभा. संख्याशास्त्राला रेमंड पर्ल आणि साथरोगशास्त्राला वेड हॅम्प्टन फ्रॉस्ट अशी माणसं तिथं आली. आपल्यासारख्यांसाठी महत्त्वाची गोष्ट अशी की या शाळेचं दार फक्त डॉक्टरांना उघडं नव्हतं. जीवाणूशास्त्र, संख्याशास्त्र असल्या विषयांतली माणसंही तिथं शिकत आणि शिकवत. रुग्ण एका खाटेवर असतो, पण लोकसंख्या खाटेवर मावत नाही, हे त्यांनी अभ्यासक्रमातच मान्य केलं होतं.

भारतात अशी संस्था 1932 मध्ये कलकत्त्याला निघाली, ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थ. पैसा पुन्हा रॉकफेलरचाच. पण पुढं आपण तिच्यासारख्या दहा-वीस शाळा काढल्या नाहीत. 1946 च्या भोर समितीच्या अहवालानं वेगळा रस्ता सुचवला: प्रत्येक मेडिकल कॉलेजातच प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाचा विभाग हवा, म्हणजे प्रत्येक डॉक्टरला गाव कळेल. हेतू उत्तम होता. सोलापूरला 1963 मध्ये मेडिकल कॉलेज आलं. असल्या प्रत्येक कॉलेजात हा विभाग असतोच. एमबीबीएसची पोरं त्याला पीएसएम म्हणतात आणि बहुतेकांची त्याची ओळख पार्कच्या जाडजूड पुस्तकापलीकडे जात नाही.

माझ्या मते या निर्णयाचा एक परिणाम कुणी फारसा बोलून दाखवत नाही. विषय रुग्णालयाच्या आवारात आला आणि रुग्णालयाकडे जे असतं ते अंश असतात. शिवाय तो डॉक्टरांचा विषय झाला. संख्याशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, भूगोल शिकलेल्यांना दार किलकिलंसुद्धा झालं नाही. बिगर-डॉक्टरांना एमपीएचला घेणाऱ्या संस्था आपल्याकडे खऱ्या अर्थानं वाढल्या त्या गेल्या पंचवीसेक वर्षांत. आज मुंबईला टिसमध्ये आणि पुणे विद्यापीठाच्या आरोग्यविज्ञान विभागात तुम्ही हा विषय शिकू शकता, ही ताजी गोष्ट आहे.

मधल्या काळात महाराष्ट्रातून काही माणसं थेट बाल्टिमोरला जाऊन आली. रजनीकांत आणि मेबल आरोळे तिथं शिकले आणि 1970 मध्ये त्यांनी जामखेडला काम सुरू केलं. गावातल्या, बहुतेक अक्षरओळख नसलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. 1979 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अभय आणि राणी बंग 1984 मध्ये तिथूनच एमपीएच करून आले आणि गडचिरोलीला गेले. या दोन्हींबद्दल मराठीत भरपूर लिहिलं गेलंय, तुम्ही वाचलंही असेल. बार्शीबद्दल मात्र सोलापुरातल्या मुलांनाही माहीत नसतं. बार्शी म्हटलं की त्यांना भगवंताचं मंदिर आठवतं, फार तर बार्शी लाइट.

बार्शी लाइटचा विषय निघालाच आहे तर सांगतो, तिचा इथं संबंध आहे. 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अशी ही अरुंद रूळांची गाडी सुरू झाली आणि पुढं पंढरपूर, लातूरपर्यंत गेली. बार्शी इंग्रजी मुलखात, आणि भूम-परंडा निजामाच्या. सीमा कागदावर होती. बाजाराला, दवाखान्याला पलीकडची माणसं बार्शीलाच यायची, अजूनही येतात. म्हणून जेव्हा इथं लोकसंख्या मोजायची वेळ आली तेव्हा जिल्ह्याची हद्द बाजूला ठेवून सोलापूरचा बार्शी आणि उस्मानाबादचे, म्हणजे आताच्या धाराशिवचे, भूम आणि परंडा असे तीन तालुके एकत्र घेतले गेले. अभ्यासक्षेत्र ठरवताना नकाशाआधी लोकांची पायवाट बघावी, ती अशी.

तर मोजायचं काय होतं? कॅन्सर. भारतात लोकसंख्येवर आधारलेली पहिली कर्करोग नोंदणी मुंबईत 1963 मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीनं, डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकारानं सुरू केली. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला आयसीएमआरनं राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम हाती घेतला, त्यात मुंबई, बंगळूर, मद्रास. सगळी मोठी शहरं. देशातले बहुतेक लोक खेड्यात, आणि खेड्यातल्या कॅन्सरचा दर किती, हे कुणालाच ठाऊक नाही. 1987 मध्ये बार्शीला देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. तीन तालुक्यांतली 346 गावं, सुमारे चार लाख लोक. काम टाटा मेमोरियलचं आणि बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाचं. मुंबईकडून साथरोगतज्ज्ञ कस्तुरी जयंत, बार्शीत डॉ. बी. एम. नेने.

शहरातली नोंदणी कशी चालते ते आधी बघा. कॅन्सर झाला की सरकारला कळवलंच पाहिजे, अशी सक्ती नव्हती. त्यामुळे नोंदणीची माणसं स्वतः रुग्णालयं, पॅथॉलॉजी प्रयोगशाळा आणि मृत्यूनोंद कार्यालयं फिरतात, कागद उतरवून घेतात. एकच रुग्ण तीन ठिकाणी गेलेला असतो, त्याची नोंद एकदाच धरायची. उपचारासाठी पाहुण्यांकडे येऊन राहिलेला रुग्ण गाळायचा, कारण तो तिथल्या छेदात नाही. किचकट आहे, पण होतं, कारण शहरात कॅन्सरचा रुग्ण कधी ना कधी कुठल्या तरी कागदावर येतोच.

खेड्यात तो येतच नव्हता. अंगावरून पांढरं जातंय, रक्त जातंय, हे बाई घरातही बोलत नसे. बोललीच तर गावातलाच उपाय. मग अंथरूण, मग मृत्यू. ग्रामपंचायतीच्या वहीत कारण काय लिहिलं जाणार? फार तर "आजारी होती". अशा ठिकाणी फक्त रुग्णालयाचे कागद गोळा केले असते तर दर फार कमी निघाला असता आणि आपण खुशाल लिहिलं असतं की खेड्यात कॅन्सर नाही, तिथली हवा चांगली.

म्हणून बार्शीत पद्धतच बदलली. नोंदणीचे कार्यकर्ते ठरावीक काळानं गावोगाव जाऊ लागले. लोकांना एकत्र करून कॅन्सरची लक्षणं समजावायची, कुणाला तसा त्रास आहे का विचारायचं, संशय असेल त्याला तपासणीला पाठवायचं, कुणी वारलं असेल तर घरी जाऊन काय झालं होतं ते विचारायचं. वय हा आणखी एक घोळ. दरांची तुलना करायची तर वय लागतं, कारण म्हाताऱ्या माणसांत कॅन्सर जास्त आणि प्रत्येक ठिकाणी म्हाताऱ्यांचं प्रमाण वेगळं. खेड्यात फील्डवर्क केलेल्या कुणालाही विचारा, "वय किती?" याचं उत्तर वर्षांत मिळत नाही. बहात्तरच्या दुष्काळात थोरला कडेवर होता, अशा खुणांवरून ते काढावं लागतं.

पहिले आकडे आले तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. एकूण कॅन्सरचा दर मुंबईच्या निम्म्याहून कमी होता. आणि बायकांमधल्या कॅन्सरपैकी जवळपास निम्मे गर्भाशयमुखाचे, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाचे होते. पहिल्या गोष्टीवर संशोधकानं लगेच खूश व्हायचं नसतं. दर खरंच कमी आहे की रुग्ण सुटलेत? घरोघरची चौकशी होती म्हणूनच बरंचसं कमीपण खरं आहे असं म्हणता आलं. दुसऱ्या गोष्टीनं मात्र पुढच्या वीस वर्षांची दिशा ठरली, कारण हा कॅन्सर होण्याआधीच पेशींत दिसतो. वेळेत सापडला तर बाई वाचते.

मला सगळ्यात गमतीचा वाटतो तो 1995 चा निबंध, जयंत, नेने आणि सहकाऱ्यांचा. काही वर्षांत असं दिसलं की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे रुग्ण आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात येऊ लागलेत. तपासणी मोहीम नव्हती, नवं यंत्र नव्हतं. फक्त कार्यकर्ते गावात जाऊन बोलत होते. म्हणजे मोजायला गेलेली माणसं जे मोजत होती तेच बदलत होती! तुमच्या प्रयोगशाळेत असं झालं तर तुम्ही त्याला दोष म्हणाल. इथं तोच निष्कर्ष ठरला.

आता पुढचा प्रश्न: रीतसर तपासणी केली तर मृत्यू कमी होतील का, आणि कोणत्या तपासणीनं? ऑक्टोबर 1999 मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात चाचणी सुरू झाली. टाटा मेमोरियल, बार्शीचं रुग्णालय आणि फ्रान्सच्या लियाँ शहरातली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था हे तिघे मिळून. गावांचे 52 समूह केले आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखे चार गटांत वाटले, प्रत्येक गटात 13. एका गटात एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पॅप म्हणजे पेशींची काचपट्टी, तिसऱ्यात ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या नजरेनं तपासणी. चौथा नियंत्रण गट, त्यातल्या बायकांना माहिती आणि तपासणी कुठं मिळते याचा सल्ला, बाकी नेहमीचीच व्यवस्था. 30 ते 59 वयाच्या एकूण 1,31,746 बायका.

वाटणी बाईगणिक न करता गावगणिक का? एकाच गल्लीत हिची तपासणी आणि तिची नाही, हे खेड्यात टिकत नाही. दुपारपर्यंत सगळ्या गावाला कळतं आणि तुमचे गट एकमेकांत मिसळतात.

2009 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये निकाल आला. तो तुम्ही स्वतः काढून वाचा, पण हे चार आकडे माझ्यासोबत बघा. एचपीव्ही गटात 34,126 बायका, नियंत्रण गटात 31,488. कॅन्सर सापडले पहिल्यात 127, दुसऱ्यात 118. इथं थांबलात तर वाटेल की तपासणीचा उपयोगच नाही, उलट जास्तच निघाले! पुढं वाचा. त्यातले दुसऱ्या किंवा त्यापुढच्या टप्प्याचे पहिल्यात 39, दुसऱ्यात 82. आणि मृत्यू 34 विरुद्ध 64. छेदानं भागा: आठेक वर्षांत हजारी एक विरुद्ध हजारी दोन. पॅप आणि नजरेच्या तपासणीच्या गटांत मृत्यूतली घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरली नाही.

"सॅम्पल साइझ किती घेऊ?" विचारणाऱ्यांनी आणखी एक हिशोब करावा. हीच चाचणी प्रत्येक गटात तीन हजार बायका घेऊन केली असती तर अपेक्षित मृत्यू तीन आणि सहा. त्यावरून कुणाला काहीही सिद्ध करता आलं नसतं. हजारातला एक फरक दिसायला साठ-पासष्ट हजार बायका लागल्या, आणि वारलेल्या प्रत्येकीची नोंद लागली. बार्शीनं बारा वर्षं गावं पालथी घातली नसती तर अशी नोंद ठेवायची कशी, हे माहीत असलेली माणसंच या टापूत नसती.

आता अवघड भाग. त्या 64 बायका.

उस्मानाबाद, मुंबई आणि तामिळनाडूतलं दिंडीगुल या तिन्ही ठिकाणच्या चाचण्यांत तपासणी न झालेला गट होता. अमेरिकी पॅथॉलॉजिस्ट एरिक सुबा यांनी यावर जाहीर आक्षेप घेतला. 2014 मध्ये इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्समध्ये त्यांचा लेख आला आणि वाद झडला. आक्षेप असा की पॅपनं हा कॅन्सर रोखता येतो हे जगाला दशकानुदशकं माहीत होतं, मग हजारो बायकांना तपासणीविना ठेवून त्यांचे मृत्यू मोजायचे कशाला? संशोधकांच्या बाजूचं म्हणणं: भारतात तपासणीचा कार्यक्रमच नव्हता, म्हणजे नियंत्रण गटाकडून काही काढून घेतलं नाही. आणि श्रीमंत देशात वर्षानुवर्षं, पुन्हा पुन्हा होणारी पॅप तपासणी इथं एकदाच केली तर मृत्यू कमी होतात का, हे कुणालाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या मुद्द्याला निकालानंच बळ दिलं. पॅपच्या गटात ठळक घट दिसली नाही, हे नियंत्रण गटाशिवाय कळलंच नसतं. पण "नेहमीची व्यवस्था" हा शब्द मला टोचतो. नेहमीची व्यवस्था म्हणजे काहीच नाही, हे संशोधकानं निवडलेलं नव्हतं, मान्य. तरी त्या नसण्यावरच चाचणीची रचना उभी होती. मी दोन्ही बाजू वाचल्यात आणि माझं मत अजून पक्कं नाही. इतकं मात्र वाटतं की हा निबंध पुराव्यासाठी उद्धृत करणाऱ्या प्रत्येकानं तो वादही वाचलेला असावा. प्रबंधात "नैतिक परवानगी घेतली आहे" असं एक वाक्य टाकून आपण जे मोकळे होतो, ते तेवढ्यावर भागत नाही.

कारण पुढं काय झालं बघा. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती देणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. जगभरच्या पुराव्यात उस्मानाबादच्या बायकांचा वाटा मोठा. आपल्या देशाच्या 2016 च्या आराखड्यात मात्र प्राथमिक पातळीवर ॲसिटिक ॲसिडचीच तपासणी ठेवली गेली. ती स्वस्त आहे, प्रयोगशाळा लागत नाही, आणि मुंबई-दिंडीगुलच्या चाचण्यांत तिनं मृत्यू कमी केल्याचं दिसलं होतं, त्यामुळे निर्णय अगदीच निराधार नव्हता. पण तीसुद्धा किती जणींपर्यंत पोचली? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 30 ते 49 वयाच्या बायकांना विचारलं होतं, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी आयुष्यात एकदा तरी झाली का. हो म्हणणाऱ्या देशभरात 1.9 टक्के.